निळ्या पाटीची गाडी, राजनैतिक संरक्षण आणि तुमचा दावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दक्षिण मुंबईत सकाळी फिरायला निघालेल्या तुमच्या वडिलांना एका परदेशी वकिलातीच्या गाडीने धडक दिली. मांडीचं हाड मोडलं, सळई घालावी लागली, अजून ते काठीशिवाय चालत नाहीत. पोलीस ठाण्यात तुम्हाला सांगण्यात आलं की ‘डिप्लोमॅटिक इम्युनिटी’ आहे, गुन्हा नोंदवून उपयोग नाही, नुकसानभरपाईचंही विसरा. हे खरं आहे का, आणि खरं असेल तर असा कायदा असतोच कशाला, असं तुम्ही विचारलंय.

मी मुंबईत सव्वीस वर्षं वकिली करतेय. त्यातली बरीच वर्षं वकिलातींचे घरमालक, घरकामगार, कंत्राटदार आणि अपघातग्रस्त यांच्या प्रकरणांत गेली. म्हणून आधी थेट उत्तर देते: तुम्हाला जे सांगितलं गेलं ते चुकीचं आहे. नुकसानभरपाईबाबत तर ते पूर्ण चुकीचं आहे.

तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून पाहिला. निळ्या पाटीवर पांढरी अक्षरं आहेत: आधी देशाचा क्रमांक, मग ‘सीसी’, मग गाडीचा क्रमांक. ही मधली दोन अक्षरं तुमच्या प्रकरणाचा कणा आहेत. ‘सीडी’ असती तर गाडी राजदूतावासाची. ‘सीसी’ म्हणजे वाणिज्य दूतावासाची, म्हणजेच कॉन्सुलेटची. राजदूतावास दिल्लीत असतात, मुंबईत असतात ते वाणिज्य दूतावास. मराठीत आपण दोन्हींना सरसकट ‘वकिलात’ म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण दोघांना लागू होणारे करार वेगळे आहेत. राजदूतावासांसाठी १९६१ चा व्हिएन्ना करार आहे आणि त्याला आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बळ दिलंय. वाणिज्य दूतावासांसाठी १९६३ चा दुसरा व्हिएन्ना करार. भारत त्यात १९७७ साली सामील झाला. पहिल्या करारातलं संरक्षण जवळजवळ संपूर्ण आहे. दुसऱ्यातलं कामापुरतं आहे.

आता तुमचं प्रकरण या दुसऱ्या करारावर ठेवून बघा. त्याचं कलम ४३ म्हणतं की वाणिज्य अधिकारी किंवा कर्मचाऱ्याने आपलं अधिकृत काम करताना जे केलं त्यासाठी त्याला इथल्या न्यायालयात खेचता येणार नाही. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात दोन अपवाद आहेत आणि त्यातला एक शब्दशः तुमच्यासाठी लिहिल्यासारखा आहे: वाहन, जहाज किंवा विमानाच्या अपघातात झालेल्या नुकसानीबद्दल त्रयस्थाने लावलेल्या दिवाणी दाव्याला हे संरक्षण लागू नाही. म्हणजे चालक त्या वेळी अगदी सरकारी लखोटा पोचवायला निघाला होता असं सिद्ध झालं, तरी भरपाईचा दावा चालतो. शिवाय कलम ५६ सांगतं की या मंडळींनी वाहनाच्या त्रयस्थ विम्याबाबत यजमान देशाचे नियम पाळलेच पाहिजेत. त्यामुळे गाडीचा विमा असणार, आणि विमा कंपनीला कसलंही राजनैतिक कवच नाही.

आता फौजदारी बाजू. पहिला प्रश्न हा की स्टिअरिंगवर कोण होतं? मुंबईतल्या वकिलातींच्या गाड्या बहुतेक वेळा इथलेच, भारतीय चालक चालवतात. भारतीय नागरिक असलेल्या अशा कर्मचाऱ्याला यजमान देश देईल तेवढंच संरक्षण मिळतं. तो जर इथलाच माणूस निघाला, तर निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल आणि गंभीर दुखापतीबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली इतर कुणाहीसारखा गुन्हा नोंदता येतो. वकिलातीतल्या अधिकाऱ्याची पत्नी किंवा मुलगा चालवत असेल तर? राजदूताच्या कुटुंबाला राजदूताइतकंच संरक्षण मिळतं, पण वाणिज्य अधिकाऱ्याच्या कुटुंबाला न्यायालयापासून कसलंच संरक्षण नाही. हा फरक माझ्या अनुभवात दहांतल्या आठ पोलीस अधिकाऱ्यांना माहीत नसतो, आणि त्यात त्यांचा दोष मी कमीच मानते, कारण प्रशिक्षणात हे कुणी शिकवत नाही.

आणि स्वतः अधिकारीच चालवत असेल तर बघायचं की तो काय करत होता. रविवारी सकाळी क्लबला निघालेला अधिकारी वाणिज्य दूतावासाचं काम करत नसतो, त्यामुळे खटल्यापासून संरक्षण नाही. मात्र अटकेबाबत कलम ४१ आडवं येतं: गंभीर गुन्हा असेल आणि सक्षम न्यायालयाचा आदेश असेल तरच अटक. तुमच्या प्रकरणात अटकेपर्यंत गोष्ट जाणार नाही. पण गुन्ह्याची नोंद, घटनास्थळाचा पंचनामा, साक्षीदारांचे जबाब, सीसीटीव्ही ताब्यात घेणं या कशालाही मनाई नाही. ही मनाई राजदूतांच्या बाबतीतसुद्धा नाही. संरक्षण त्या माणसाला न्यायालयापासून असतं, घडलेली गोष्ट कागदावर यायला त्याची आडकाठी नसते.

एक गोष्ट मात्र तपासून घ्यावी लागते. काही देशांशी आपले वेगळे द्विपक्षीय कॉन्सुलर करार आहेत आणि १९६३ चा करार त्याला मुभा देतो. अशा करारात थोडं जास्त संरक्षण असू शकतं. गाडी कोणत्या देशाची आहे ते तुम्ही मला वेगळं कळवलंय, ते मी पाहीन.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो तुम्ही रागाने विचारलाय: असा कायदा मुळात असतोच कशाला? हा राग मला समजतो. पण याचं उत्तर नीट द्यायचं तर आधी एक जुनी, आपल्याच मातीतली गोष्ट सांगावी लागेल.

‘वकिलात’ या शब्दात ‘वकील’ आहे तो काळा कोटवाला वकील नव्हे. पेशवाईत एका दरबाराने दुसऱ्या दरबारी ठेवलेल्या प्रतिनिधीला वकील म्हणत. १८१५ साली बडोद्याच्या गायकवाडांचे असेच एक वकील, गंगाधरशास्त्री पटवर्धन, दुसऱ्या बाजीरावाशी जुन्या देण्याघेण्याचा हिशेब मिटवायला आले होते. त्यांच्या सुरक्षेची हमी इंग्रजांनी घेतली होती. पंढरपुरात विठोबाचं दर्शन घेऊन परतताना त्यांचा खून झाला. संशय पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. पुण्यातला इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) एल्फिन्स्टन याने त्यांना ताब्यात मागितलं आणि बाजीरावाला ते द्यावे लागले. त्रिंबकजींना ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं, १८१६ मध्ये ते तिथून निसटले, आणि १८१७ च्या जूनमध्ये पेशव्यांवर पुण्याचा तह लादला गेला. त्यानंतर वर्षभरात पेशवाई बुडाली. तिची कारणं पुष्कळ होती, पण इंग्रजांना हवं असलेलं निमित्त मिळालं ते एका वकिलाच्या खुनातून. दूताच्या अंगाला हात लागला की प्रकरण त्या एका माणसापुरतं राहत नाही, हे तेव्हाही खरं होतं. म्हणून राज्यांनी हा नियम कागदावर आणला. १९६१ च्या कराराच्या प्रस्तावनेत साफ म्हटलंय की ही सवलत व्यक्तींच्या फायद्यासाठी नाही, तर आपल्या देशाचं काम त्यांना नीट करता यावं यासाठी आहे.

याचा कायदेशीर अर्थ फार मोलाचा आहे. संरक्षण त्या माणसाच्या मालकीचं नसतं, त्याला पाठवणाऱ्या देशाच्या मालकीचं असतं. तो माणूस ‘मला नको’ म्हणाला तरी ते जात नाही, आणि ‘मला हवंच’ म्हणाला तरी देशाने काढून घेतलं की ते उरत नाही. १९९७ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या एका वरिष्ठ राजनैतिक अधिकाऱ्याने दारू पिऊन गाडी चालवली आणि एक सोळा वर्षांची मुलगी ठार झाली. जॉर्जियाने त्याचं संरक्षण स्वतः काढून घेतलं. त्याच्यावर अमेरिकेत खटला चालला आणि शिक्षा झाली. अशी उदाहरणं कमी असली तरी ती आहेत, आणि म्हणून ‘संबंधित देशाला संरक्षण मागे घ्यायला सांगा’ ही विनंती मी प्रत्येक गंभीर प्रकरणात लेखी करायला लावते. ती मान्य झाली नाही तरी फाईलवर राहते.

उलट बाजूचंही एक उदाहरण सांगते, कारण ते न सांगणं अप्रामाणिक ठरेल. एप्रिल १९८४ मध्ये लंडनच्या लिबियन दूतावासाच्या खिडकीतून बाहेर निदर्शनं करणाऱ्यांवर गोळीबार झाला आणि बंदोबस्तावरची एक तरुण महिला पोलीस ठार झाली. पोलिसांनी अकरा दिवस इमारत वेढून ठेवली, पण आत पाऊल टाकलं नाही, कारण १९६१ च्या कराराच्या कलम २२ प्रमाणे दूतावासाच्या आवारात परवानगीविना शिरता येत नाही. शेवटी ब्रिटनने संबंध तोडले आणि आतली माणसं, खुनी त्यातच असताना, सुरक्षित विमानाने मायदेशी गेली. देशभर संताप होता. करार बदलावा अशी मागणी झाली, संसदीय समितीने विषय तपासला, आणि निष्कर्ष निघाला की बदलू नये. कारण साधं होतं: त्याच दिवशी त्रिपोलीत ब्रिटिश दूतावासातही माणसं बसली होती. आपण त्यांच्या माणसाला जे करू ते ते आपल्या माणसाला करतील. या एका वाक्यावर हा सगळा कायदा उभा आहे. त्यामागे पोलीस नाही, दंड नाही, फक्त परस्परांचं ओलीस असणं आहे. २०२४ च्या एप्रिलमध्ये इक्वेडोरच्या पोलिसांनी मेक्सिकोच्या दूतावासात घुसून आपल्याच माजी उपाध्यक्षाला उचललं, तेव्हा इक्वेडोरचे शेजारीही मेक्सिकोच्या बाजूने उभे राहिले ते याच भीतीने.

पद, तारीख आणि काम यांनी किती फरक पडतो हे समजायला मराठी वाचकांना माहीत असलेलं देवयानी खोब्रागडे यांचं प्रकरण सर्वांत चांगलं. तेव्हा आपल्याकडे फार लिहिलं गेलं, पण कायद्याचा मुद्दा भावनेत वाहून गेला.

त्या न्यूयॉर्कमध्ये भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. १२ डिसेंबर २०१३ रोजी मुलीला शाळेत सोडायला गेल्या असताना त्यांना अटक झाली. आरोप असा की भारतातून नेलेल्या घरकामगार बाईंच्या व्हिसाच्या अर्जात ताशी ९.७५ डॉलर पगार दाखवला आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी ठरवला. त्यांनी आरोप नाकारले. हातकड्या, कपडे उतरवून झडती, सगळं झालं, आणि इथे संताप उसळला. दिल्लीत अमेरिकन दूतावासाबाहेरचे काँक्रीटचे अडथळे हटवले गेले, त्यांच्या वाणिज्य अधिकाऱ्यांची ओळखपत्रं परत मागवली गेली.

पण त्या दिवशी त्यांचं पद काय होतं? वाणिज्य अधिकारी. म्हणजे तुमच्या प्रकरणातल्या गाडीच्या मालकाचा जो करार, तोच. घरकामगाराचा पगार हे वाणिज्य दूताचं अधिकृत काम नाही, असं अमेरिकेचं म्हणणं. अटक ‘गंभीर गुन्ह्या’साठीच करता येते, आणि हा गंभीर गुन्हा कसा, असं भारताचं म्हणणं. करारात ‘गंभीर गुन्हा’ म्हणजे काय याची व्याख्याच नाही. ही फट मुद्दाम ठेवलेली आहे, कारण १९६३ साली त्यावर एकमत झालं नसतं.

मग भारताने त्यांची बदली संयुक्त राष्ट्रांतल्या आपल्या स्थायी प्रतिनिधी कार्यालयात केली. त्या पदाला राजदूतांसारखं संपूर्ण संरक्षण असतं. अमेरिकेने ८ जानेवारी २०१४ ला ते मान्य केलं. दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोपपत्र दाखल केलं आणि त्या भारतात परतल्या. १२ मार्चला न्यायालयाने ते आरोपपत्र रद्द केलं, कारण ते दाखल झालं त्या दिवशी त्यांना पूर्ण संरक्षण होतं. न्यायालयाने अटक चूक ठरवली नाही, की त्या निर्दोष आहेत असंही म्हटलं नाही. फक्त तारखा जुळवल्या. दोनच दिवसांत, १४ मार्चला, नवं आरोपपत्र दाखल झालं, कारण आता त्या त्या पदावर नव्हत्या. एका दिवसाच्या फरकाने एक अख्खा खटला पडला आणि दोन दिवसांत पुन्हा उभा राहिला.

त्या झडतीचं मी कधीच समर्थन करणार नाही. वाणिज्य अधिकाऱ्याला पदाला साजेशा आदराने वागवावं हे त्याच करारात आहे. पण तेव्हाही मला खुपलं ते हे की आपल्या चर्चेत ती घरकामगार बाई जवळजवळ नव्हतीच. तीही भारतीयच होती. माझ्याकडे येणाऱ्या प्रकरणांत सर्वांत असहाय्य बाजू नेहमी घरकामगारांची असते. त्यांचा व्हिसा मालकाच्या पदाला बांधलेला असतो, पासपोर्ट अनेकदा मालकाच्या कपाटात असतो. २०१५ मध्ये गुरुग्राममधल्या एका फ्लॅटमधून पोलिसांनी दोन नेपाळी स्त्रियांची सुटका केली. त्यांनी सौदी दूतावासातल्या अधिकाऱ्यावर बलात्काराचे आणि डांबून ठेवल्याचे आरोप केले. तो ‘सीडी’वाला होता. काही दिवसांत तो भारत सोडून गेला आणि खटला उभाच राहिला नाही. या कायद्याची जी किंमत असते ती अशी माणसं मोजतात, आणि मला यावर कधीच समाधानकारक उत्तर सापडलं नाही.

एक दार मात्र अलीकडे थोडं किलकिलं झालंय. १९६१ च्या करारात दिवाणी दाव्यांना तीन अपवाद आहेत: खासगी स्थावर मिळकत, वारसाहक्क, आणि अधिकृत कामाबाहेर केलेला व्यवसाय किंवा व्यापार. घरात नोकर ठेवणं हा व्यापार नव्हे असं न्यायालयं वर्षानुवर्षं म्हणत आली. २०२२ च्या जुलैमध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ३ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की साधी नोकरी व्यापार नसेल, पण माणसाला गुलामासारखं राबवून फुकट श्रम लाटणं हा त्या अधिकाऱ्याने स्वतःच्या फायद्यासाठी चालवलेला व्यापारच ठरतो. भारतीय न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही. पण अशी केस आली तर मी तो पहिल्या पानावर मांडेन.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही या विषयात एकदा फार मोठं पाऊल टाकलं होतं, आणि ते मला पटलेलं नाही. २०१२ च्या फेब्रुवारीत केरळच्या किनाऱ्याजवळ इटालियन जहाजावरच्या दोन नौसैनिकांच्या गोळीबारात दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. पुढच्या वर्षी निवडणुकीत मतदानासाठी त्या दोघांना इटलीला जाऊ द्या, मी हमी देतो, असं इटलीच्या राजदूतांनी न्यायालयाला लेखी दिलं. ते गेले, आणि मार्च २०१३ मध्ये इटलीने कळवलं की ते परत येणार नाहीत. न्यायालयाने राजदूतांना भारत सोडायला मनाई केली आणि स्वतः न्यायालयात येऊन शब्द देणाऱ्याला संरक्षणाचा आसरा घेता येणार नाही, असा पवित्रा घेतला. २२ मार्चला दोन्ही नौसैनिक परतले. देशभर टाळ्या पडल्या.

शब्द मोडला गेला याचा राग मलाही होता. पण कायदा काय म्हणतो? राजदूताची व्यक्ती अलंघ्य आहे, म्हणजे त्याला अटक करता येत नाही की अडवून ठेवता येत नाही. संरक्षण सोडायचं तर ते देशाने, आणि स्पष्ट शब्दांत सोडायला हवं. स्वतः न्यायालयात गेलेल्या राजदूताचं संरक्षण त्याच प्रकरणाशी थेट जोडलेल्या प्रतिदाव्यापुरतं जातं, आणि निकालाच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा वेगळी संमती लागते. राजदूताला देशात अडवून ठेवण्याची सोय यात कुठेही नाही. उद्या दुसऱ्या देशाच्या न्यायालयाने आपल्या राजदूताला विमानतळावर थांबवलं, तर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

हे मी इतक्या ठामपणे म्हणते कारण या करारांचा सर्वांत मोठा फायदा परदेशातल्या साध्या माणसाला होतो. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात भारत आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला तो याच १९६३ च्या कराराच्या कलम ३६ वर. परदेशात अटक झालेल्या माणसाला त्याचा हक्क विनाविलंब सांगायचा आणि त्याच्या देशाच्या वाणिज्य अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं, एवढंच ते कलम सांगतं. भारताची बाजू नागपूरचे हरीश साळवे यांनी मांडली. १७ जुलै २०१९ रोजी १५ विरुद्ध १ मतांनी पाकिस्तानने हे कलम मोडल्याचं ठरलं आणि शिक्षेचा फेरविचार करण्याचा आदेश झाला. दुबईत किंवा दोह्यात पोलीस कोठडीत अडकलेल्या कोकणातल्या एखाद्या तरुणाला भेटायला आपल्या वकिलातीतला माणूस जातो, तो याच कलमाच्या बळावर. तो माणूस तिथे निर्भयपणे जाऊ शकावा म्हणून त्याला संरक्षण लागतं. तुमच्या वडिलांना धडक देणाऱ्या गाडीवरची निळी पाटी आणि त्या तरुणाची भेट, दोन्ही एकाच करारातून येतात.

दूतावास आणि त्यांचं सरकार यांच्यात जाणाऱ्या टपालाच्या थैलीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. दूतावासाची थैली उघडता येत नाही, अडवता येत नाही. वाणिज्य दूतावासाच्या थैलीबद्दल गंभीर शंका असेल तर त्यांच्या माणसासमोर उघडायला सांगता येतं, आणि नकार दिला तर ती जिथून आली तिथे परत. १९८४ मध्ये लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळावर नायजेरियाला निघालेल्या एका मोठ्या पेटीत नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को बेशुद्धावस्थेत सापडले. पेटीवर राजनैतिक थैलीची रीतसर मोहोर आणि कागदपत्रं नव्हती, म्हणून सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ती उघडली. कागद अपुरे राहिले म्हणून एक माणूस वाचला.

तुमच्या सोसायटीच्या सचिवांनी विचारलेल्या प्रश्नाचंही उत्तर इथेच देते: त्यांच्या इमारतीत राहणारा वकिलातीतला भाडेकरू मेंटेनन्स भरायला नकार देतोय. कर माफ असतात, पण प्रत्यक्ष पुरवलेल्या सेवेचा मोबदला माफ नसतो. पाणी, लिफ्ट, रखवालदार यांचे पैसे द्यावेच लागतात. आणि १९६३ च्या कराराप्रमाणे वाणिज्य अधिकाऱ्याचं राहतं घर अलंघ्य नाही, फक्त कार्यालयाचा कामासाठी वापरला जाणारा भाग आहे. त्या कार्यालयाला आग लागली तर अग्निशमन दलाने आत शिरायला संमती गृहीत धरली जाते.

आता कामाचं. अपघात होऊन दोन महिने झालेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायला कायद्याने अपघाताच्या तारखेपासून सहा महिने दिलेत, तेव्हा थांबू नका. अर्जात चालक, गाडीचा नोंदणीकृत मालक आणि विमा कंपनी तिघांनाही पक्षकार करा. गाडी जर त्या देशाच्या सरकारच्या नावावर असेल, तर दुसरी बाजू दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८६ पुढे करेल. परदेशी राज्यावर दावा लावायला केंद्र सरकारची लेखी संमती लागते, ती त्यात आहे. हा आक्षेप न्यायाधिकरणात कितपत टिकेल हा वादाचा मुद्दा आहे, पण त्यात वर्ष घालवण्यापेक्षा संमतीचा अर्ज आजच परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवून ठेवा. संमती नाकारली तर कारण द्यावं लागतं. दिल्लीत अल्जीरियाच्या दूतावासाकडे एका कंत्राटदाराची बिलं थकली होती आणि सरकारने त्याला संमती नाकारली, तेव्हा १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारला खडसावून सांगितलं की अशी संमती मनमानीने अडवता येणार नाही, कारणं द्या आणि पुन्हा विचार करा.

त्याच वेळी दुसरं पत्र मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागाला, आणि प्रत राज्याच्या राजशिष्टाचार शाखेला. त्यात एकच विचारा: या क्रमांकाची गाडी कुणाची आहे, अपघाताच्या तारखेला ती वापरणारा माणूस कोणत्या पदावर नोंदलेला होता, आणि तो भारतीय नागरिक आहे का. ‘त्याला इम्युनिटी आहे का’ असं विचारू नका. मंत्रालयाने सांगायची ती वस्तुस्थिती. तिच्यावरून संरक्षण मिळतं की नाही, हे न्यायालय ठरवतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की ‘हो, आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर येतं आणि सगळे हात वर करतात. काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ बाईंच्या अपघातात नेमकं हेच झालं होतं. पंचनाम्यात फक्त ‘डिप्लोमॅटिक गाडी’ असं लिहिलेलं. आम्ही शेजारच्या दुकानाचा कॅमेरा पाहिला, त्यात ‘सीसी’ सापडलं, नेमक्या शब्दांत पत्र गेलं, आणि चालक सांताक्रूझचा राहणारा, पगारी भारतीय कर्मचारी निघाला. पुढे ते प्रकरण इतर कुठल्याही अपघातासारखं चाललं.

बऱ्याच वकिलाती पत्र पोचल्यावर स्वतःहून बोलणीही करतात, कारण संरक्षण असणाऱ्यांनीही इथले कायदे पाळायचे असतात हे त्याच करारात लिहिलंय आणि वर्तमानपत्रात नाव यावं असं त्यांना वाटत नाही. तडजोडीचा प्रस्ताव आला तर ऐका, पण न्यायाधिकरणातला अर्ज दाखल केल्यानंतरच.

पोलीस ठाण्यात पुन्हा जाताना कलम ४३ ची छापील प्रत घेऊन जा, दुसऱ्या परिच्छेदाखाली पेनाने रेघ ओढून. गुन्हा नोंदवायला तरीही नकार मिळाला, तर लेखी तक्रार रजिस्टर्ड पोस्टाने पोलीस उपायुक्तांना पाठवा आणि पावती जपून ठेवा. अस्थिरोग तज्ज्ञांकडून अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेला दाखला मागून घ्या. आणि त्या फोटोची मूळ फाईल मोबाईलमधून पुसू नका. तिच्यात वेळ आहे, आणि ती दोन अक्षरं आहेत.